हलका नको, बुटका घ्या

शनिवारी सकाळी सातला कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही रेसट्रॅकच्या पॅडॉकमध्ये जाऊन उभे राहा आणि नुसतं विचारा, "ट्रेलर घ्यायचाय, कुठला घेऊ?" पाच मिनिटांत पाच जण जमतील आणि पाचही जण एकच मंत्र म्हणतील: बंद ट्रेलर घे, ॲल्युमिनियमचा घे, हलका असतो, तुझी एसयूव्ही आरामात ओढेल. ही माणसं फार प्रेमळ असतात. न मागता टॉर्क रेंच देतील, स्वतःच्या कूलरमधलं पाणी देतील. पण हा सल्ला चुकीचा आहे, महागडा आहे, आणि तो ऐकणाऱ्याच्या मागच्या सीटवर पोरं बसलेली असतील तर धोक्याचासुद्धा आहे.

ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे आणि थंडरहिल, लगुना सेका, बटनविलो असल्या ट्रॅकवर वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्यांत आपली गाडी हवी तशी पळवायची. सुरुवातीला लोक रोजच्याच गाडीने जातात आणि त्याच गाडीने घरी येतात. मग हळूहळू किडा चावतो. जुनी मियाटा येते, तिच्यातला एसी आणि कार्पेट जातं, रोल केज येतो, बकेट सीट येते. आता ही गाडी रस्त्यावर चालवणं शहाणपणाचं नाही (हेल्मेट न घालता डोक्याशेजारी पोलादी पाइप घेऊन फ्रीवेवर जाणं म्हणजे काय ते कल्पना करा), आणि ट्रॅकवर क्लच गेला तर दीडशे मैल घरी आणायची कशी, हाही प्रश्न असतोच. म्हणून ट्रेलर.

आपल्याकडे पुण्यामुंबईहून चेन्नई-कोइमतूरला रेसची गाडी जाते ती सहसा ट्रकवर चढून, आणि तो ट्रक हाकायला वेगळा, त्या कामात मुरलेला माणूस असतो. इथे तो माणूस आपणच. कॅलिफोर्नियात साध्या गाडीच्या लायसन्सवर १०,००० पौंड रेटिंगपर्यंतचा ट्रेलर मागे लावून खुशाल निघता येतं. वेगळी परीक्षा नाही, काही नाही. सोमवार ते शुक्रवार कीबोर्ड बडवणारा माणूस शनिवारी पहाटे चार वाजता अडीच टनांचं धूड घेऊन फ्रीवेला लागतो. म्हणूनच ट्रेलर कुठला, हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही. त्या फ्रीवेवर इतर लोकही असतात.

आता "हलका" या शब्दाकडे बघू. माझ्या हापिसातला एक सांगलीकर मित्र सध्या याच विचारात आहे. त्याच्याकडे सात सीटची एसयूव्ही आहे, ब्रोशरमध्ये टोइंगची क्षमता ५,००० पौंड. "अरे, ट्रेलर २,७००, मियाटा २,३००. झाले की बरोब्बर पाच हजार!" असं तो मला कॅफेटेरियात टिश्यू पेपरवर मांडून दाखवत होता. मी म्हटलं, "आणि टायर काय डोक्यावर घेऊन जाणार आहेस?"

चेष्टा सोडा, हिशेब करा. वीस फुटी बंद ट्रेलर पोलादी सांगाड्याचा असेल तर रिकामा साधारण ३,००० ते ३,५०० पौंड भरतो. ॲल्युमिनियमचा असेल तर पाच-सहाशे पौंड कमी. त्यात मियाटा २,३०० पौंड. मग चार जादा चाकं टायरसकट, जॅक, टूलबॉक्स, पेट्रोलचे दोन-तीन कॅन (गॅलनला सहा पौंड), छोटा जनरेटर, तंबू, खुर्च्या, कूलर. हे सगळं सहाशे पौंडांच्या आत बसवणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. म्हणजे ॲल्युमिनियम धरूनसुद्धा ५,६०० झाले. शिवाय ब्रोशरमधला २,७०० हा आकडा नागड्या ट्रेलरचा असतो. कपाटं, विंच, स्टेपनी, टायरचा रॅक, जादा दिवे हे सगळं ऑप्शन म्हणून नंतर चढतं आणि ते ब्रोशरमध्ये कोणी मोजत नाही.

आणि ५,००० पौंड हा आकडा तरी काय आहे? टो रेटिंग ठरवायला एसएईचं जे २८०७ नावाचं मानक आहे (आधी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने आकडे छापायची). त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांबलचक चढावर भर उन्हात, एसी फुल लावून गाडी ट्रेलर ओढते का ते बघतात. चांगली कडक परीक्षा आहे. पण ती होताना गाडीत माणसं दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमच्या गाडीत बायको, दोन पोरं, त्यांच्या बॅगा आणि सासूबाईंनी दिलेला डबा असेल तर तो आकडा तुमचा नाही. शिवाय त्या मानकात ट्रेलरची समोरची बाजू किती चौरस फुटांची धरायची हेही ठरवून दिलेलं आहे. बऱ्याच एसयूव्हींच्या मॅन्युअलमध्येसुद्धा ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादा छापलेली असते. ते पान ट्रेलर घेण्याआधी वाचणारा माणूस विरळा. विकणारा तर नाहीच वाचत.

खरी गोम याच पानात आहे. हलक्या ट्रेलरवाल्यांचा सगळा भर वजनावर, पण सपाट फ्रीवेवर ट्रेलर ओढायला जी ताकद लागते त्यात वजनाचा वाटा किती? आपण इंजिनियर आहोत ना, मग गणित करू की. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलो. रबरी टायर सरळ रस्त्यावर लोळवायला वजनाच्या साधारण एक-सव्वा टक्का जोर लागतो. म्हणजे पाचशे पौंड कमी केल्याने वाचले जेमतेम पावणेतीन किलो. एखाद्या लहान पोराने मागून ट्रेलरला धक्का द्यावा, तेवढे.

आता हवा. बंद ट्रेलर साडेआठ फूट रुंद असतो. त्याची उंची फक्त एक फुटाने वाढवली तर समोरचं क्षेत्रफळ साडेआठ चौरस फुटांनी वाढतं, आणि हा वरचा एक फूट एसयूव्हीच्या टपाच्या वर, थेट कोऱ्या वाऱ्यात असतो, आडोसा नाही. ड्रॅग कोएफिशंट ०.८ धरा. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावलेल्या गाडीला कायद्याने ५५ मैलांची मर्यादा आहे, तर ५५ च धरा. उत्तर येतं साधारण तेवीस किलोचा जोर. सतत. जाताना आणि येताना.

एका बाजूला पावणेतीन किलो, दुसऱ्या बाजूला तेवीस. चढ लागला की वजन जागं होतं हे मान्य. सहा टक्क्यांच्या चढावर त्या पाचशे पौंडांचे साडेतेरा किलो आणखी धरा. सगळे मिळून सोळा-सव्वासोळा. तरी ५५ वर तो एक फूट जास्तच खातो. आणि बे एरियातून थंडरहिलला जाताना चढ असतो कुठे? ५०५ आणि मग पाच नंबरचा फ्रीवे, दोन्ही बाजूंना शेतं, जमीन पोळपाटासारखी सपाट, आणि उत्तरेचा वारा सुटला की थेट नाकावर. ५५ च्या जागी ६५ ने गेलात (सगळे जातात, मला माहीत आहे) तर हवेसाठी लागणारी हॉर्सपॉवर दीडपटीच्याही वर जाते, कारण ती वेगाच्या घनात वाढते. तिथे तुमचं ॲल्युमिनियम काही कामाचं नाही.

प्रोफायलर न चालवता कोड ऑप्टिमाइझ करणाऱ्या ज्युनियरला आपण काय बोलतो? मग तीच माणसं हजारो डॉलर जास्त मोजून पावणेतीन किलोचं ऑप्टिमायझेशन का विकत घेतात? :)

मियाटाची उंची साधारण चार फूट. लांबी तेरा फूट. आणि तिच्यासाठी घ्यायची पेटी आत सात फूट उंच आणि वीस फूट लांब! वरचे तीन फूट कोणासाठी? मालकाला आत ताठ उभं राहता यावं म्हणून. वर्षातून सात-आठ वेळा, पंधरा मिनिटं उभं राहण्यासाठी, तीन फूट उंचीची पत्र्याची भिंत शेकडो मैल वाऱ्यात ढकलत न्यायची. आणि लांबीचे उरलेले सात फूट? ते भरतात. रिकामी जागा आणि रिकामी हार्ड डिस्क यांचा स्वभाव एकच. आधी एक कपाट येतं, मग दुसरा जॅक, मग कोणाची तरी जुनी कॉट, आणि ज्या पाचशे पौंडांसाठी जादा पैसे दिले ते दुसऱ्या सीझनपर्यंत परत आत येऊन बसलेले असतात.

आडव्या वाऱ्याबद्दल तर पॅडॉकमध्ये कोणी बोलतच नाही. वीस फूट लांब आणि सात फूट उंच म्हणजे तेरा चौरस मीटरचं शीड झालं. ताशी चाळीस मैलांचा झोत बाजूने आला तर तीनेकशे किलोचा आडवा धक्का बसतो. आल्टामाँट पासला डोंगरभर पवनचक्क्या काय उगाच लावल्यात? पाचेको पासला सॅन लुईस जलाशयाच्या बाजूने उतरताना दुपारी जो वारा असतो तो ज्याने खाल्लाय त्याला विचारा. आणि इथे गंमत अशी की धक्का ठरतो आकारावर, आणि तो सोसायचा असतो वजनाने. म्हणजे आकार तोच ठेवून ट्रेलर नुसता हलका केला तर वाऱ्यापुढे तो जास्तच नाचणार. रिकामा ट्रेलर घेऊन गाडी आणायला निघालात तर विचारूच नका. जोराच्या वाऱ्यात रिकाम्या उंच वाहनांना सावध राहायला सांगतात ते याच कारणाने.

ट्रेलर नाचायला लागला, म्हणजे शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हलायला लागला, की सगळ्यात आधी बघायचं असतं टंग वेट. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचच्या गोळ्यावर यायला हवा. कमी आला तर शेपटी हलते. ५,६०० पौंडांचे बारा टक्के म्हणजे पावणेसातशे पौंड. ५,००० पौंडवाल्या एसयूव्हीची हिचवरची मर्यादा सहसा ५००. मग हे हुशार लोक काय करतात? गाडी ट्रेलरमध्ये थोडी मागे उभी करतात, म्हणजे हिचवर भार कमी पडतो, एसयूव्हीची मागची बाजू खाली बसत नाही, सगळं कसं छान सपाट दिसतं. मियाटा एक फूट मागे घेतली की टंग वेट जवळपास दीडशे पौंडांनी उतरतं. फोटो चांगला येतो. आणि पन्नास मैलांच्या पुढे, उतारावर, बाजूने एखादा मोठा ट्रक गेला की हीच सपाट दिसणारी जोडी वळवळायला लागते. ब्रोशरमधल्या आकड्यात बसवायला म्हणून केलेली ही तडजोड आहे. मला राग आहे तो याचा. हलका ट्रेलर विकणारा माणूस कधीच म्हणत नाही की तुझी गाडी या कामाला छोटी आहे. तो म्हणतो, चालून जाईल.

एसयूव्हीच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती पौंड चालतील ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा १,२०० आहे. हिचवरचे पावणेसातशे त्यातूनच वजा होतात. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे शंभर. उरले सव्वाचारशे, त्यात कुटुंब बसवा. हे गणित चौथीतल्या पोराला येतं, पण ते करायला ब्रोशर मिटावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे ट्रक स्टॉपवर पंधरा-वीस डॉलर टाकून सगळा लवाजमा काट्यावर चढवावा. तिथे ॲक्सलनिहाय वजनाची छापील पावती मिळते. माझं म्हणणं, ट्रेलर घेण्याआधी मित्राचा ट्रेलर उसना घ्या, आपली गाडी आणि आपलं सामान त्यात भरा, आणि काट्यावर जा. मग पुढच्या गप्पा.

मग घ्यायचं काय?

ज्याच्याकडे खरोखर मोठा पिकअप ट्रक आहे, स्टिकरवर भरपूर पेलोड आहे, त्याने साधा पोलादी बंद ट्रेलर घ्यावा. कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागात गंज ही काही मोठी समस्या नाही, रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. ॲल्युमिनियमचे जे पैसे वाचले त्यातून दोन्ही ॲक्सलवर चांगले इलेक्ट्रिक ब्रेक आणि वरच्या लोड रेंजचे टायर. ट्रेलरचे टायर नक्षी झिजून मरत नाहीत, वयाने मरतात. बाजूवर डॉटच्या नंबराचे शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. जुना ट्रेलर विकणारा रंग दाखवेल, आतली कपाटं दाखवेल, तुम्ही खाली वाकून हे चार आकडे वाचा. शिवाय वजन वाचवायचं म्हणून एकच ॲक्सल दिलेला बंद ट्रेलर असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. दोन ॲक्सल असतील आणि एक टायर फुटला, तर उरलेले तीन तुम्हाला शोल्डरपर्यंत नेतात.

ज्याच्याकडे ५,००० पौंडवाली एसयूव्ही आहे आणि जो वर्षाला सहा-आठ ट्रॅक डे करतो, त्याने बंद ट्रेलरचं नावच काढू नये. उघडा ॲल्युमिनियमचा ट्रेलर साधारण १,३०० पौंड, त्यावर मियाटा, थोडकं सामान, सगळं मिळून ४,१०० च्या आसपास. बारा टक्क्यांनी टंग वेट पाचशेच्या आत. वारा आरपार जातो. इथे मात्र ॲल्युमिनियमचे पैसे वसूल आहेत, कारण इथे वाचलेलं वजन थेट हिचच्या मर्यादेत बसवतं. कॅलिफोर्नियात मे ते ऑक्टोबर पाऊस पडतच नाही म्हणा ना. गाडी भिजेल ही भीती ओहायोवाल्यांनी बाळगावी.

बंद ट्रेलरच्या बाजूने एकच मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो: चोरी. मोटेलच्या पार्किंगमधून ट्रेलरसकट गाडी गेल्याच्या गोष्टी खोट्या नाहीत. पण त्यातसुद्धा उघड्यावरची मियाटा दिसते आणि बंद पेटीतली दिसत नाही, एवढाच फरक. चोराला पेटीही चालते, उलट आत टूलबॉक्स फुकट मिळतो. दोन्हींना चांगलं कुलूप, चाकाला क्लॅम्प आणि ट्रेलर भिंतीला पाठ लावून उभा करणं हेच लागतं.

आणि ज्याला बंदच हवा आहे, सावली हवी, रात्री आत झोपायचं आहे, त्याने ब्रोशरमध्ये वजनाचा रकाना सोडून आधी उंचीचा रकाना बघावा. बुटके, अरुंद, गोलसर नाकाचे बंद ट्रेलर मिळतात. डीलरच्या आवारात ते पुढे उभे नसतात, मागवावे लागतात. सोळा फूट लांबी तेरा फुटांच्या गाडीला पुरते, फक्त ॲक्सलची जागा आपल्या गाडीच्या वजनाप्रमाणे आहे ना ते घेण्याआधी गाडी चढवून, टंग वेट मोजून बघा, कारण आखूड पेटीत नंतर गाडी पुढेमागे करायला वाव नसतो. आणि हाही ट्रेलर ५,००० वाल्या एसयूव्हीच्या मागे लावायचा नाही. हलक्यात हलका धरला तरी हिचची मर्यादा ओलांडतो किंवा तिला टेकतो.

बुटक्या ट्रेलरवर सगळ्यांचा एकच आक्षेप असतो: आत गाडी घातल्यावर दार कसं उघडायचं, उतरायचं कसं? यासाठी लोक बाजूला मोठं एस्केप डोअर बसवून घेतात, त्याचे वेगळे पैसे आणि वेगळं वजन. अहो, गाडीत बसायचंच कशाला? पुढे एक इलेक्ट्रिक विंच बसवा, वायरचा रिमोट हातात घ्या, इंजिन बंद, गियर न्यूट्रल, आणि गाडीबरोबर सावकाश चालत या. स्टिअरिंगला लागलाच तर खिडकीतून एक हात. क्लच गेलेली गाडी संध्याकाळी पाच वाजता दुसऱ्या कुठल्या मार्गाने आत जाणार आहे तसंही? आणि ताठ उभं राहायचं असेल तर दहा बाय दहाचा तंबू मिळतो. घरी येताना तो दुमडून मियाटाच्या पॅसेंजर सीटच्या जागेत मावतो.